साडूंचा पहिला मेंढा

आमच्या साडूंना जगातली कुठलीही गोष्ट दहा माणसांनी माना डोलावल्याशिवाय घडल्यासारखी वाटत नाही. सकाळी सूर्य उगवला तरी ते अंगणात येऊन शेजाऱ्याला "उगवला न्हवं?" असं विचारून घेतात आणि मगच चूळ भरतात, असं मी चारचौघांत सांगत असतो. हे मी रचलेलं आहे. पण एकदा त्या शेजाऱ्यासमोरच सांगितलं, तर तो माणूस हातातला तांब्या खाली ठेवून विचारात पडला. साक्षीदार असल्याशिवाय हा गृहस्थ कोणाकडून काही उसनं घेत नाही, आणि परत तर मुळीच देत नाही.

त्यांची माझी पहिली गाठ पडली ती ते आमच्या धाकट्या मेहुणीला बघायला आले तेव्हा. मी त्या घरचा थोरला जावई, म्हणजे लोडाला टेकून बसायचं आणि मधूनमधून खाकरायचं, एवढंच काम. पोहे झाले, विचारपूस झाली, मुलानं सांगितलं, "पोरगी पसंत हाय." एवढ्यावर दुसरा कोणी गप्प बसला असता. हे उठले आणि बैठकीतल्या प्रत्येकापुढे ओळीनं जाऊन उभे राहिले. "मी आत्ता काय म्हणलं ते ऐकलं न्हवं?" बशा गोळा करणाऱ्या शेजारणीलाही त्यांनी सोडलं नाही. माझ्यापुढे आले तेव्हा माझ्या तोंडात पोह्यांचा शेवटचा घास होता, म्हणून मी नुसती मान हलवली. तर म्हणाले, "तोंडानं सांगा, पाव्हणं. मान कशीबी हालती." मला वाटलं, हे स्थळ आता मोडणार. पण आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघेही जावई मामा म्हणतो, त्यांनी मुंडासं सारखं करत एवढंच म्हटलं, "ह्यो माणूस शब्द फिरवायचा न्हाई. फिरवायला जागाच ठेवली न्हाई त्यानं." लग्न ठरलं.

त्यानंतर एकदा त्यांनी माझं भिंतीला भोकं पाडायचं मशीन नेलं. ते परत द्यायला आटपाडीहून कोरेगावला एसटीनं आले, पण घरी काही देईनात. मला आठवडी बाजारात घेऊन गेले. कांद्याच्या ढिगापाशी उभं करून कांदेवाल्या मावशीला, शेजारच्या न्हाव्याला आणि न्हाव्यापुढे अर्धी दाढी करून बसलेल्या एका हवालदाराला त्यांनी साद घातली. "ह्यांचं हे मशीन मी आज ह्यांस्नी दिलं. बघून ठेवा." मावशी म्हणाली, "बघितलं बाबा, आता कांदं घ्या." ते कांदे मला घ्यावे लागले. पुढे मी एका लग्नात, नुसती गंमत म्हणून, मशीन अजून साडूंकडेच आहे अशी आवई उठवली. दुसऱ्या आठवड्यात कांदेवाली मावशी माझ्या दारात. "दादा, तुमचं मशीन तुमाला माझ्यासमोर दिलंय. खोटं का बोलताय?" त्याही वेळी मला कांदे घ्यावे लागले.

असल्या माणसाच्या पोटात गुपित राहील कसं? मेहुणीला दिवस गेले तेव्हा तिनं त्यांना बजावलं होतं की तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला काही बोलायचं नाही. त्यांनी शब्द पाळला. फक्त चार भल्या माणसांना बोलावून सांगितलं, "आमच्या घरात एक बातमी हाय आन ती मी कुणालाबी सांगितलेली न्हाई, ह्याला तुमी साक्षीदार." संध्याकाळपर्यंत गावातून डिंकाचे लाडू यायला लागले.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक मेंढी आहे. साडूंच्या आजोबांचं मेंढरांचं खांड, म्हणजे कळप, एका तळ्यावर पाणी पीत असताना दुसऱ्या कोणाच्या खांडात मिसळलं. निवडानिवड झाली तेव्हा एक मेंढी तिकडे गेली ती गेलीच. कानावर खूण होती, पण समोरच्यानं तशीच खूण आपलीही असल्याचं सांगितलं, आणि तळ्यावर तिसरं माणूस नव्हतं. ही मेंढी साडूंच्या जन्माआधीच निवर्तली असणार, पण ते तिच्याविषयी असं बोलतात की एखाद्या घराण्याचं राज्य गेलं असावं. तिला कोकरं किती झाली असती, त्या कोकरांना पुढे किती झाली असती, याचा हिशोब ते मांडायला लागले की आटपाडी तालुका पुरत नाही, मेंढरं जतवरून कर्नाटकात उतरतात. "तवा तिथं दहा मानसं असती ना, पाव्हणं," असं म्हणून ते थांबतात. 

पुण्याला एका कंपनीत ते कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहीत आणि सुट्टीला गावी येत. तिथेच त्यांना ब्लॉकचेन नावाची गोष्ट भेटली. दुसऱ्या कोणाला ती पैसे दुप्पट करायची युक्ती वाटली असेल. ह्यांना वाटलं, आजोबांना न्याय मिळाला. रविवारी सकाळी कोरेगावात माझ्या दुकानासमोर येऊन उभे राहिले, चेहरा असा की हरवलेला भाऊ सापडलाय.

"पाव्हणं, घावला."

"कोण?"

"साक्षीदार. झोपत न्हाई, मरत न्हाई, फितूर हुत न्हाई."

मग त्यांनी मला समजावलं. एखादा व्यवहार झाला की तो एका माणसाच्या दप्तरात जात नाही, जगभरच्या हजारो यंत्रांवर एकाच वेळी नोंदला जातो. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला साखळीसारखी अडकवलेली. मधली एक बदलायची म्हटलं तर सगळ्या यंत्रांना एकदम खोटं बोलायला लावावं लागेल.

"म्हणजे गावासारखंच की," मी म्हणालो. "सगळ्यांना सगळं ठाऊक."

"गावात मान्सं इसरत्यात. हितं कुणाला इसरायची सोयच न्हाई," ते म्हणाले, आणि दुकानात खिळे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी विचारलं, "ऐकलं न्हवं तुमी?"

एवढ्यानं भागलं नाही. त्यांच्याच मुलाच्या बारशाला जमलेल्या पाहुण्यांना त्यांनी ही गोष्ट नारळावर शिकवायला घेतली. सगळ्यांना गोल बसवलं. नारळ माझ्याकडून चुलतसासऱ्यांकडे गेला की सगळ्यांनी एकसुरात तसं म्हणायचं, त्यांच्याकडून मावससासूकडे गेला की आधीचं सगळं म्हणून वर हे म्हणायचं. बराच वेळ छान चाललं, आरतीसारखा सूर लागला. मग कुठेतरी गोंधळ झाला. अर्ध्यांच्या मते नारळ मावससासूंचा, अर्ध्यांच्या मते तो त्यांच्या नणंदेनं आधीच फोडायला नेलेला. आवाज चढले, जुनी दुखणी बाहेर आली, एका लग्नातल्या पैठणीचा विषय निघाला. आजही आमच्या सासुरवाडीत दोन तट आहेत, आणि त्यांतल्या कुठल्याच तटाला तो नारळ कोणाचा होता ते नक्की सांगता येत नाही. साडू मात्र खूश होते. "असा फाटा खऱ्या साखळीलाबी फुटतो कदी कदी," ते मला म्हणाले. पाळण्यातलं पोर तेवढं शांत होतं.

आणि मग एका दिवशी नोकरी सोडून ते आटपाडीला परत आले. राजीनामाही त्यांनी म्हणे कंपनीच्या कँटीनमध्ये, चहावाल्याला आणि वॉचमनला बोलावून दिला. आता ते ब्लॉकचेनवर गेमचा प्लॅटफॉर्म उभा करणार होते. प्लॅटफॉर्म म्हणजे एक गेम नव्हे. तुम्ही एका गेममध्ये कमावलेली वस्तू खरोखर तुमच्या नावावर राहणार, आणि ती घेऊन तुम्ही दुसऱ्या गेममध्ये जाऊ शकणार. लोक अशा ठिकाणी तलवारी, चिलखतं, उडत्या गाड्या ठेवतात. आमच्या साडूंनी मेंढरं ठेवली. माझी मेहुणी आटपाडीतल्याच शाळेत शिकवते. ती हुशार बाई आहे, तिनं आरडाओरडा केला नाही. ती म्हणाली, "पुढच्या दिवाळीपर्यंत करा काय करायचं ते. तोवर घर मी चालवते. दिवाळीला हे पोट भरायला लागलं तर इथंच राहू. न्हाई लागलं तर मुकाट्यानं पुण्याला." साडूंनी कबूल केलं. साक्षीला मला फोन लावला, स्पीकरवर.

पहिल्या गेमचं नाव 'खांड'. तुम्हाला चार मेंढ्या मिळतात आणि तुम्ही आटपाडीच्या माळावरून निघता, कोरेगाववरून पार मेढ्याच्या डोंगरापर्यंत जाता आणि पावसाच्या बेतानं परत फिरता. ही वाट मामांची. मामा जन्मभर ह्याच वाटेनं खांड घेऊन चालले. मेंढरं कोणाच्या रानात रात्रीची बसवायची, कुठला शेतकरी खताच्या बदल्यात किती पायली धान्य देतो, कुठल्या ओढ्याला पाणी असतं आणि कुठल्या वस्तीवरचं कुत्रं चावतं, हे सगळं मामांनी सांगायचं आणि साडूंनी गेममध्ये घालायचं. आमचंही घराणं त्यातलंच, फक्त दोन पिढ्या आधी कोरेगावात बूड टेकून बसलेलं. मामांचं खांड आमच्या रानात बसायचं, त्या ओळखीतूनच माझं लग्न झालं. तेही रान साडूंनी गेममध्ये घातलंय. मला विचारलं नाही.

गेममध्ये ते खोटं काही खपवून घेत नसत. खरं खांड जेवढ्या दिवसांत जिथं पोचतं तेवढ्याच दिवसांत ते गेममध्ये पोचायचं. सकाळी मोबाईल उघडावा तर मेंढरं एक बांध ओलांडून पुढे गेलेली. दुपारी बघावं तर रवंथ. माझ्या मते जगात इतका सावकाश गेम दुसरा नसेल. पुढे कुठल्याशा परदेशातला एक खेळाडू म्हणे पाऊस पडण्याची वाट बघता बघता लग्न करून मोकळा झाला, पण त्यानं गेम सोडला नाही. कुणाची मेंढी कुणाला अर्धलीनं सांभाळायला देता यायची, म्हणजे मेंढी तुमची, चारणारा तो, आणि होणारी कोकरं निम्मी निम्मी. यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलायचे थांबलेत. साडूंच्या गेममध्ये कोकरू जन्मलं की ज्याचं त्याच्या नावावर आपोआप चढायचं आणि हजार यंत्रं माना डोलवायची. सांगलीच्या त्यांच्या एका मित्रानं त्याच प्लॅटफॉर्मवर कुस्तीचा गेम काढायला घेतला, तेव्हा साडूंनी हट्ट धरला की खांडातल्या मेंढीचं दूध तिकडच्या पैलवानाला चाललं पाहिजे. मित्र म्हणाला, पैलवान म्हशीचंच दूध पितो. महिनाभर दोघांत बोलणं नव्हतं. शेवटी पैलवानाला घोंगडं द्यायचं ठरलं.

मेंढरांना हाकायचा आवाज मामांचाच हवा होता. माईक लावला, लॅपटॉप मांडला, मामांना खुर्चीवर बसवलं. मामा माईककडेच बघायला लागले.

"मारा की हाळी, मामा."

"कुणाला?"

"मेंढरांस्नी."

"मेंढरं कुठायत? रिकाम्या घरात हाळी मारू व्हय? खुळा म्हणतील लोक."

तेव्हा एक खरी मेंढी घरात आणून उभी केली. मामांनी अशी हाळी मारली की माझ्या अंगावर काटा आला. मेंढीनं मात्र तोवर लॅपटॉपची वायर निम्मी खाल्ली होती. तो आवाज अजून गेममध्ये आहे, आणि नीट ऐकलं तर शेवटी मामांचं "आगं तिच्या, ती वायर" हेही ऐकू येतं. साडूंनी ते काढलं नाही. खरं आहे ते खरं आहे, म्हणाले.

दसऱ्याला उद्घाटन ठरलं. त्यानंतर पंधरवड्यात पुण्याच्या एका कंपनीची माणसं बघायला येणार होती. त्यांना प्लॅटफॉर्म आवडला होता, अर्धलीच्या कल्पनेवर तर ती खूश होती. त्यांनी भागीदारी घेतली की साडूंचं गावात राहणं पक्कं. मेहुणीनं तर परसात आंब्याचं रोप लावायला खड्डाही काढून ठेवला होता.

मामांच्या वस्तीवर मांडव घातला. घोंगडं अंथरून त्यावर लॅपटॉप ठेवला, कीबोर्डवर भंडारा उधळला. गावातली निम्मी माणसं, सासुरवाडीचे दोन्ही तट, सगळे हजर. साडू बटण दाबणार एवढ्यात मामांनी हात वर केला.

"पयलं मेंढरू देवाला सोडलं का?"

 आमच्याकडे नवं खांड उभं करायचं म्हटलं की पहिला मेंढा बिरोबाच्या नावानं सोडतात. तो विकायचा नाही, कापायचा नाही, त्याची लोकर कातरायची नाही. कुणाच्या रानात शिरला तरी त्याला कोणी हाकलत नाही.

"मामा, ही मेंढरं खरी न्हाईत," कोणीतरी म्हणालं.

"हाळी खरी मारून घेतलीसा की माझ्याकडनं," मामा म्हणाले.

साडूंना ते पटलं. मी त्यांना बाजूनं हळूच सुचवलं, "नुसतं सोडला म्हणा. मेंढा राहू दे तुमच्याकडं. बिरोबा कुठं मोबाईल बघतोय." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा लोडाला टेकलो. मग त्यांनी मांडवाला समजावून सांगितलं. ह्या प्लॅटफॉर्मवर प्रत्येक मालकाचा एक पत्ता असतो आणि त्या पत्त्याची चावी असते. चावी असेल त्यालाच त्या पत्त्यावरचं जनावर हलवता येतं. देवासाठी त्यांनी असा एक पत्ता काढला की ज्याची चावी कुणाकडेच नाही, खुद्द त्यांच्याकडेही नाही आणि कधी असणारही नाही.

"चावी का न्हाई?" मामांनी विचारलं.

"देवाच्या घराची चावी मानसाच्या खिशात असली तर त्यो देव कसला, मामा?"

मामांनी बाकीच्यांकडे बघितलं. आपला जावई आहे हे सगळ्यांना माहीत असल्याची खात्री करून घेतली असावी. साडूंनी बटण दाबलं, मांडवानं बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं, जगभरच्या यंत्रांनी नोंद घेतली. पडद्यावर पहिला मेंढा खांडातून सुटला, टेकडीवर चढला आणि तिथं उभा राहिला.

पंगत बसली. साडू आमटी वाढत माझ्यापुढे आले आणि त्यांचा हात मधेच थांबला. पळी तशीच वर. 

"पाव्हणं, जरा बाजूला या."

लग्नापासून आजवर ह्या माणसानं कोणाला बाजूला बोलावल्याचं मी पाहिलं नव्हतं. गोठ्यामागे नेऊन त्यांनी मला सांगितलं ते असं. प्लॅटफॉर्मचा एक कारभारी असतो. नियम बदलायचे, शुल्क लावायचं, कुणाला भागीदार करायचं, हे फक्त त्याच्या हातात. सुरुवातीला, चाचणीपुरतं, साडूंनी असं लिहिलं होतं की ज्याच्याकडे पहिला मेंढा तो कारभारी. उद्घाटनाआधी बदलू म्हणाले होते. मांडव, माईक, मेंढीनं खाल्लेली वायर, ह्या सगळ्यात ते राहून गेलं.

"मग परत घ्या मेंढा."

"कुणाकडनं?"

"बिरोबाकडनं."

 आमटीची पळी अजून त्यांच्या हातात होती, ती त्यांनी गोठ्यातल्या गव्हाणीवर ठेवली. मांडवातून मामांचं हसणं ऐकू येत होतं. ते कोणाला तरी सांगत होते की माझ्या जावयानं मोबाईलात बिरोबाला मेंढा सोडला.

पुण्याची माणसं ठरल्या दिवशी मामांच्या वस्तीवर आली. दोघं होती, दोघांचेही बूट पांढरेशुभ्र. मामा तेव्हा मेंढरं घेऊन ओढ्यावर गेलेले. साडूंच्या शब्दाखातर मी साक्षीदार म्हणून हजर होतो. त्या दोघांचे बेतही तयार होते. प्रत्येक माळावर शिरायला शुल्क, जास्त देईल त्याच्या वाटेवरचं गवत जास्त हिरवं, पावसाची वाट बघायची नसेल तर पाऊस विकत. साडू ऐकून घेत होते. मग त्या दोघांतल्या वयानं मोठ्या माणसानं विचारलं, "मालकीचं एकदा बघून घेऊ. कारभारी म्हणून हा जो पत्ता आहे, तो तुमचाच ना?"

"न्हाई. बिरोबाचा."

त्यानं टिपून घेतलं. "श्रीयुत बिरोबा. ते इथं असतात का? त्यांची सही लागेल."

मेहुणी चहा घेऊन येत होती, ती दारातूनच परत फिरली. पदराचा बोळा तिनं तोंडात धरलेला मला दिसला. साडूंनी सगळं खरं खरं सांगितलं.  माणसं हुशार होती, लगेच तोड काढली. म्हणाले, हे जाऊ द्या. हेच सगळं जसंच्या तसं उचलून नवं उभं करा, आठवड्याचं काम आहे. पहिला मेंढा तुमच्याकडे ठेवा, जुनं आपोआप ओस पडेल. दिवाळीआधी सह्या करून टाकू.

मीही तेच म्हणालो. मी तर म्हणालो की मामांना कळणारही नाही.

साडू अंगणाकडे बघत होते. तिथं मांडवाचे खांब अजून तसेच उभे होते. दिवाळी दारात आली होती, घरच्या परसात तो आंब्याचा खड्डा होता, आत मेहुणी होती. ते सगळं त्यांच्या डोक्यात फिरलं असणार.

"एवढ्या मानसांसमोर सोडलाय," ते म्हणाले. "आता दुसरं खांड उभं केलं तर मग ते काय सोडलं म्हणायचं?"

पांढऱ्या बुटांची माणसं चहा पिऊन गेली. मामा ओढ्यावरून आले आणि पाहुणे का गेले म्हणून विचारलं, तर साडू म्हणाले, "त्यांस्नी मेंढरांचा वास सोसंना."

"मोबाईलात वास येतो व्हय?" मामांनी विचारलं आणि ते बराच वेळ मोबाईल नाकाशी धरून बसले. खरं कारण त्यांना आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर साडू पुण्याला नोकरीवर गेले. मेहुणी भांडेल असं मला वाटलं होतं. तिनं भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "परत मागितला असतासा मेंढा, तर हा डबा मिळाला नसता." आणि परसातला खड्डा तिनं बुजवून टाकला, पोरं पडतात म्हणून.

प्लॅटफॉर्म बंद पडेल अशी माझी अटकळ होती. पण बंद करायचा तर कारभारी लागतो. प्लॅटफॉर्म हजार यंत्रांवर पसरलेला, खटका कोणाच्याच हाती नाही. खेळणारे खेळताहेत, मेंढरं रोज एक बांध ओलांडतात, कोकरं ज्याच्या त्याच्या नावावर चढतात. शुल्क लावणारं कोणी नाही. मी एकदा साडूंना विचारलं, जीव तुटत नाही का? ते म्हणाले, "तुटायला ते माझं कुठाय आता?" आणि विषय संपवला. पूर्वीसारखं कोणाला विचारलं नाही, ऐकलं का म्हणून. 

मध्यंतरी मामांचे गुडघे गेले. खांड विकावं लागलं. वस्तीवर गेलो तर वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, रिकामी, आणि मामा चिंचेखाली खाटेवर मोबाईल लांब धरून बसलेले. साडू दोन दिवसांच्या सुट्टीवर आले होते, ते दुपारच्या एसटीनं परत निघाले. मामांनी मान वर न करता "जावा सावकाश" म्हटलं, ते पाया पडून गेले. मी खाटेच्या कडेवर टेकलो.

"हे रान वळखलंसा?" मामांनी मला पडदा दाखवला. "हितं आता डाळिंब लावलंय, तार वढलीया. मानूसबी आत जात न्हाई. ह्यात मातर अजून बसाया देत्यात." त्यांनी बोटानं मेंढरं त्या रानाच्या कडेला आणली. "हे कुणी बंद करंल का वो, जावाय?"

"कुणाला करता येत नाही, मामा."

"ब्येस," ते म्हणाले.

ऊन कलंडलं होतं. एसटी म्हसवडच्या पुढं गेली असेल, तेव्हा पडद्यावर मामांच्या खांडाच्या बरंच मागं एक दुसरं लहानसं खांड दिसायला लागलं. चारच मेंढ्या, घाईघाईनं येत असलेल्या. त्या गेममध्ये घाई करता येत नाही, पण मला तसं वाटलं. मामांनी डोळे बारीक करून बघितलं. कोण आहे ते त्यांनी मला विचारलं नाही. पडद्यावर अंगठा ठेवून त्यांनी आपली मेंढरं ओढ्याच्या काठाला उभी केली, आणि मागचं खांड येऊन मिळेपर्यंत तसाच अंगठा धरून बसले.